सुमनच्या लग्नाची मुकी फिल्म

लग्नाची ऑर्डर घेऊन कुणी स्टुडिओत आलं, की मी तारखेच्या आधी विचारायचो, "मुहूर्त कितीचा?" लोकांना वाटायचं, फोटोवाला पंचांगही बघतो. पण मला काळजी असायची ती सूर्याची. गोरज मुहूर्त असला, की मी सरळ हात जोडायचो. माझ्या सिनेकॅमेऱ्याला लख्ख ऊन लागायचं. संध्याकाळच्या लग्नात नवरा-नवरी म्हणजे पडद्यावर दोन काळ्या सावल्या. त्यातली नवरी कोणती, हे मग दोन्हीकडच्या व्याह्यांनी आपसात ठरवायचं.

ही सगळी सत्तरनंतरच्या वर्षांतली हकिगत. व्हिडिओ हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. सांगलीत माझा लहानसा स्टुडिओ होता. शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट, मुलगी दाखवायला लागणारे फोटो, असं बरं चाललं होतं. पाचगणीच्या एका शाळेतले परदेशी मास्तर कायमचे मायदेशी निघाले आणि त्यांनी आपला आठ मिलिमीटरचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर विकायला काढला. मी ते दोन्ही घेऊन घरी आलो. बायकोनं खोकं उघडून पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या लग्नाचा एक धड फोटो नाही, आणि आता लोकांच्या लग्नाचे सिनेमे काढा." ती आजही तेच म्हणते.

ज्यांनी असा कॅमेरा पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्याला बॅटरी नव्हती. घड्याळासारखी चावी द्यायची, की अर्धा मिनिट चालायचा आणि मग दमून थांबायचा. पुन्हा चावी. फिल्मची अर्धी रुंदी एका बाजूनं चालायची. ती संपली, की झाकण उघडून रीळ फिरवायचं आणि उरलेली अर्धी चालवायची. हे फिरवणं अंधारात करावं लागे, नाहीतर कडेनं उजेड शिरून चित्र पांढरं पडायचं. एका रिळात जेमतेम चार मिनिटं. आवाज अजिबात नाही. बँड वाजतोय, मंगलाष्टकं चाललीत, नवऱ्याचा मामा कुणावर तरी ओरडतोय, आणि पडद्यावर सगळे मुके. शिवाय फिल्म धुवायला मुंबईला पाठवायची. धुऊन आली, की तीच पडद्यावर लावायची. मूळ प्रतही तीच आणि शेवटचीही तीच. जळली, तुटली, हरवली तर लग्न गेलं.

लोकांना हलता फोटो ही गोष्टच समजत नव्हती. मी कॅमेरा डोळ्याला लावला, की अख्खा मांडव श्वास रोखून पुतळा व्हायचा. मी ओरडायचो, "हला! बोला! काहीतरी करा!" मग शंभर माणसं एकदम हात हलवायची. आगगाडी सुटताना निरोप दिल्यासारखी.

नाटकवाल्यांचा प्रकार वेगळा. सांगलीत नाटकाचं वेड घरोघर. एका हौशी मंडळाच्या नायकाला आपला मरणाचा प्रवेश फिल्मवर हवा होता. त्यासाठी प्रयोग म्हणून भर दुपारी शाळेच्या मैदानावर रंगमंच मांडला. गृहस्थ छातीत खंजीर खुपसून घेऊन मरायला लागले, ते मरेनातच. पडले, उठले, आईला आठवलं, देशाला आठवलं. मी चार वेळा चावी दिली. पाचव्यांदा देईपर्यंत रिळाची बाजू संपली आणि ते अजून एका गुडघ्यावर होते. पडद्यावर पाहून ते फार नाराज झाले. मी म्हटलं, "अहो, चांगलं झालं की. फिल्मवर तुम्ही कायम जिवंत." त्यावर त्यांनी माझ्याशी वर्षभर बोलणं टाकलं.

पण मला आज सांगायचं आहे ते सुमनच्या लग्नाबद्दल.

कऱ्हाडच्या अलीकडं, मलकापूरपासून आत एका गावात तिचं घर. ऑर्डर द्यायला आले ते तिचे चुलते. त्यांना गावात सगळे आबा म्हणत. फौजेत नोकरी करून आलेले, ताठ कण्याचे, मिशीला पीळ असलेले. उसाची शेती बघायचे. छावणीत असताना त्यांनी एका मोठ्या अधिकाऱ्याच्या लग्नाची फिल्म पाहिली होती आणि ती डोक्यात बसली होती.

"माझ्या थोरल्या भावाची पोरगी हाय," ते म्हणाले. "भाऊ पोरगी लहान असतानाच गेला. बा न्हाई म्हणून पोरीच्या लग्नात काय कमी पडलं, असं एका बी माणसानं म्हणू न्हये. सिनेमा पायजेच."

मी मुहूर्त विचारला. दुपारी साडेबाराचा. माझा जीव भांड्यात पडला. नवरा मुलगा सांगलीचाच, कुपवाडच्या एका कारखान्यात टर्नर. म्हणजे दोन्हीकडून ओळख वाढणार, हाही हिशेब मनात होताच.

लग्नाच्या दिवशी मी सकाळीच पोचलो. अंगणात मोठा मांडव. आबांनी खरंच काही कमी ठेवलं नव्हतं. ते मला घेऊन सगळीकडे हिंडले आणि काय काय घ्यायचं ते हुकूम दिल्यासारखं सांगत गेले. वरात, व्याह्यांची भेट, पंगत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तालुक्यातले एक मोठे पुढारी येणार होते. "सायेब जीपमधनं उतरल्यापास्नं घ्या. हार घालताना घ्या. ते काय बी झालं तरी चुकायचं न्हाई."

सकाळच्या हळदीत आणि वरातीत एका रिळाची अर्धी बाजू संपली. फिरवायला अंधारी जागा हवी होती. कुणीतरी म्हणालं, माजघरामागच्या खोलीत जावा, तिथं कुणी न्हाई.

खोलीत धान्याच्या कणग्या होत्या, एक लहानसा झरोका होता, आणि कुणी नाही असं नव्हतं. एक बाई खाली बसून विड्याची पानं पुसून एकावर एक रचत होत्या. पांढरट लुगडं, कपाळ मोकळं. मी दारातच थबकलो.

"या की भाऊ," त्या म्हणाल्या. "फोटूवालं न्हवं तुमी?"

मी म्हटलं, जरा अंधार हवाय. त्यांनी उठून झरोक्याला पोतं लावलं. मी खाली बसून चाचपडत रीळ फिरवलं. अंधारातच त्यांनी विचारलं, "झाली का हळद? सुमीला पिवळी साडी कशी दिसत व्हती?"

"चांगली दिसत होती. तुम्ही त्यांच्या कोण?"

"आई मी तिची."

मी झाकण लावलं. पोतं काढलं. उजेडात त्यांच्याकडं बघायला मला उगाच अवघडल्यासारखं झालं. बाहेर सनई वाजत होती. मी विचारायला नको ते विचारलं. "मग तुम्ही इथं?"

"अक्षता पडंस्तवर इथंच. आमच्यासारख्या बाईनं म्होरं जायाचं नसतं, भाऊ. कन्यादान भावजी आन् जाऊबाई करत्यात. भावजींनी लय केलं आमच्यासाठी, नाव ठेवाया जागा न्हाई." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या. हातातलं पान पुसणंही थांबलं नव्हतं.

मग त्यांनी कॅमेऱ्याकडं बोट केलं. "ह्यात समदं उमटतं?"

"उमटतं. फक्त आवाज नाही."

"आवाज मला हितनं बी येतो," त्या म्हणाल्या. "एक काम सांगू? अंतरपाट धरला, की तिच्या तोंडाकडं बगा. भ्याली की ती खालचा ओठ दातात धरती, न्हानपणापास्नं. तेवढं घ्या. मग मला कवातरी दावा."

मी हो म्हणालो. तोवर आबांची हाक आली.

साडेबारा वाजत आले. गुरुजींनी अंतरपाट धरला. मामा सुमनच्या मागं उभा. मी अंतरपाटाच्या कडेनं तिचा चेहरा सापडेल अशी जागा धरली आणि चावी गच्च पिळली. व्याह्यांच्या भेटीत बरीच गेल्यामुळं रिळात आता थोडीच फिल्म उरली होती. दुसरं रीळ पिशवीत होतं, पण भर उन्हात ते घालता येणार नव्हतं. म्हणजे आता जे काही काढायचं ते एवढ्यात.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि नेमकी तेव्हाच मांडवाच्या तोंडाशी जीप थांबली. माणसांची पळापळ झाली. आबांना कन्यादानाला बसायचं म्हणून जागा सोडता येईना. ते तिथूनच मला हातवारे करायला लागले. "आवं फोटूवालं! तिकडं! सायेब आलं, तिकडं वळा!"

मी वळलो नाही. वळलो असतो तर पुढारी हार घालून घेत असलेले मिळाले असते आणि इकडची अक्षता गेली असती. दोन्हीला पुरेल एवढी फिल्म नव्हती. मी बटण दाबून धरलं. छोट्या काचेत सुमनचा चेहरा होता. मुंडावळ्या हलत होत्या. तिनं खालचा ओठ दातात धरला होता. मग तिनं मान वर केली, डोळे एका बाजूला नेले, पुन्हा खाली, पुन्हा त्याच बाजूला. मैत्रिणीला शोधत असेल असं मला वाटलं. अंतरपाट दूर झाला, तांदळांचा वर्षाव झाला, आणि कॅमेऱ्यात फिल्मचं टोक सुटल्याची फडफड ऐकू आली.

आबा नंतर माझ्याकडं आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता. पाहुण्यांसमोर ते ओरडले नाहीत, एवढा त्यांचा मोठेपणा. "एक काम सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "एक. तेवढं बी जमलं न्हाई तुमाला?"

मी म्हटलं, फिल्म संपली. ते खोटं नव्हतं. आत बसलेल्या बाईंचं नाव मी घेतलं नाही. लग्नघरात त्यांच्यावर कुणी बोट ठेवावं, हे मला नको होतं.

फिल्म मुंबईला गेली. ती परत येईपर्यंत मला चैन नव्हतं. पुढारी नाहीत ते नाहीत, आणि त्यातून मुलीचा चेहराही पांढरा पडून आला, तर मी दोन्हीकडून गेलो असतो. पार्सल आलं तेव्हा दुकानाचं दार लावून मी एकदा फिल्म उजेडासमोर धरून पाहिली. नखाएवढ्या चौकोनात सुमन होती. बाकीचं पडद्यावर बघू म्हटलं.

सुमन पंचमीला माहेरी आली तेव्हा आबांनी निरोप धाडला. संध्याकाळी त्या गावात विजेचा दिवा काजव्यासारखा व्हायचा, म्हणून आम्ही दुपारीच खेळ ठेवला. माजघराच्या खिडक्यांना घोंगडी लावली. भिंतीवर धोतराचा धुवट पडदा. आबा पुढं खुर्चीवर, चेहऱ्यावर अजून नाराजी. बायका, पोरं दाटीवाटीनं खाली. सुमन पुढच्या ओळीत, नवी हिरवी साडी नेसून. तिच्या शेजारी तिची आत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण. त्या घरात आबांचंही जिच्यापुढं चालत नसे, ती ही बाई.

मी चहूकडं पाहिलं. सुमनची आई नव्हती. स्वैपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

"आबा," मी म्हटलं, "वहिनींना बोलवा की."

आबांच्या आधी आत्याच बोलली. "तिनं कसं यायाचं? लगीन लागतंय त्यात."

"अहो, लग्न लागून गेलंय. ही नुसती फिल्म आहे."

"फिलम असंना. अक्षता पडत्यात न्हवं त्यात? मग?"

झालं. सिनेमा बाजूला राहिला आणि वाद सुरू झाला. पडद्यावरचं लग्न हे लग्न धरायचं का चित्र? एक म्हातारा म्हणाला, देवाची तसबीर बी देवच असती. दुसरा म्हणाला, मग तसबिरीतल्या लाडवानं पोट भरतं व्हय रं? पोरं फिदीफिदी हसली. मी प्रोजेक्टरची वायर उगाच काढून पुन्हा लावत बसलो.

शेवटी सुमनच उठली. लग्नानंतर दोन-अडीच महिन्यांत पोरींना एक धीर येतो, तो तिला आला असावा. "आत्ती," ती म्हणाली, "माझं काय वाईट व्हायाचं आसंल तर माझं व्हईल. आईला मी आणते."

ती आत गेली. बराच वेळ दोघींची कुजबुज ऐकू येत होती. मग ती आईला मनगटाला धरून घेऊन आली. बाई उंबऱ्याच्या आत आल्या आणि तिथंच दाराला टेकून बसल्या. त्याच्या पुढं सरकायला तयार होईनात. सुमनही मग तिथंच त्यांच्याजवळ बसली. आत्यानं तोंड फिरवलं. आबांनी मला खूण केली. मी प्रोजेक्टरचा दिवा लावला.

वरात आली, हळद आली. स्वतःला पडद्यावर बघून जो तो ओरडत होता. पंगतीतल्या एका काकांच्या मिशीला बासुंदी लागलेली पाहून पोरांनी घर डोक्यावर घेतलं. मी मुद्दाम अंतरपाटाचा भाग कापून, त्याचं वेगळं रीळ करून शेवटी ठेवलं होतं.

ते सुरू झालं आणि खोली हळूहळू शांत झाली. पडद्यावर फक्त सुमनचा चेहरा, भिंतीएवढा. मुंडावळ्या, खाली झुकलेल्या पापण्या, दातात धरलेला ओठ.

"धरला बगा," दारातून आवाज आला. "मी म्हटलं व्हतं, धरणार."

मग पडद्यावरच्या सुमननं मान वर केली आणि बाजूला पाहिलं. पुन्हा खाली. पुन्हा त्याच बाजूला. माझ्या लक्षात तेव्हा आलं. मी मांडवात उभा होतो तिथून त्या बाजूला ना मैत्रिणी होत्या, ना पाहुणे. त्या बाजूला घराचं दार होतं. नवरदेव समोर उभा, अख्खं गाव भोवती, आणि ही पोरगी उघड्या दारातून आतल्या अंधाराकडं बघत होती. अक्षता अंगावर पडायला लागल्या तरी ती तिकडंच बघत होती.

रीळ संपलं. पांढरा उजेड तेवढा उरला. आईनं हळूच विचारलं, पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आलं.

"कुणाकडं बगत व्हतीस गं?"

"तुझ्याकडं."

"मी दिसत व्हते व्हय तिथनं?"

"न्हाई," सुमन म्हणाली. "पर तू तिकडंच व्हतीस की."

आबा खुर्चीवरून उठले, दाराचं घोंगडं बाजूला सारून अंगणात गेले. मला वाटलं, बिघडलं. पुढारी गेले ते गेले, वर हे. थोड्या वेळानं ते आत आले. तोंडावर पाणी मारून आल्यासारखे दिसत होते. खुर्चीवर न बसता ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "तेवढंच परत लावा."

परत लावण्यासाठी फिल्म उलटी फिरवावी लागते. ती मी दिवा न विझवताच फिरवली, तर पडद्यावर सगळं उलटं झालं. तांदूळ सुमनच्या डोक्यावरून उडून लोकांच्या मुठीत परत गेले, अंतरपाट मधे येऊन उभा राहिला. पोरं खिदळायला लागली. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसण्यातच आत्या मागं वळली आणि खेकसली, "आता तितं दारात बसून काय दिसतंय तुला? हिकडं सर की म्होरं." आणि स्वतः एका कुशीवर सरकून तिनं जागा केली.

ती फिल्म त्या दुपारी किती वेळा लावली, ते मला आठवत नाही. दिव्यानं प्रोजेक्टर इतका तापला, की मला भीती वाटायला लागली. मी थांबवा म्हटलं तेव्हा बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मला विचारलं, "भाऊ, जेवला का?" एवढंच. काम केल्याबद्दल मला आजवर मिळालेली ती सगळ्यांत मोठी पावती.

पुढं माझ्याकडं व्हिडिओ आला. रंग आला, आवाज आला, तीन-तीन तास चालणाऱ्या कॅसेटी आल्या. एकही पाहुणा सुटत नाही आणि एकही पुढारी. लोक ती कॅसेट एकदा बघतात, दुसऱ्यांदा पुढं पळवत बघतात, आणि मग कपाटावर ठेवतात. मी धंदा म्हणून ते केलं, नीटच केलं. पण फिल्म संपत आलेली असताना कुणाकडं बघायचं, हे ठरवायची वेळ माझ्यावर पुन्हा कधी आली नाही, आणि त्याची मला चुटपुट लागून राहिली आहे.

व्हिडिओ यायच्या बऱ्याच आधी, सुमनच्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी आबांच्या स्वतःच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. त्यांनी मलाच बोलावलं. काय घ्यायचं, काय नाही, या वेळी त्यांनी काहीच सांगितलं नाही. दुपारचा मुहूर्त होता. मांडव गच्च भरलेला. पुढारी पहिल्या रांगेत वेळेवर येऊन बसले होते. मामानं मुलीला आणलं, गुरुजींनी अंतरपाट धरला आणि मंगलाष्टकं म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा," आबा म्हणाले.

गुरुजींना वाटलं, काही सामान राहिलं. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. "आबा, मुहूर्त टळतोय."

"टळू द्या मिनिटभर," आबा म्हणाले. "आमच्या वैनी आल्या न्हाईत अजून."

सगळा मांडव घराच्या दाराकडं बघत उभा राहिला. आतून कुणाला तरी ढकलत आणल्यासारखी गडबड ऐकू आली, आत्याचा चढा आवाज आला, आणि पांढरट लुगड्यातल्या त्या बाई उन्हात आल्या. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून त्यांनी हात आडवा धरला. कामाचे हात पदराला पुसले, पुतणीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि अक्षतांसाठी ओंजळ पुढं केली. ती भरल्यावर आबांनी गुरुजींना मान हलवून खूण केली.